पेटीतला इतिहास: तृतीयपंथी समाजाचे कागद, फोटो आणि आवाज कसे जपावेत

नमस्कार श्रोतेहो.

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की कोल्हापुरातून यल्लमा देवीच्या सौंदत्तीला गाड्या सुटतात. चौंडक्याचा ठेका, भंडाऱ्यानं पिवळी झालेली कपाळं, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे तिचा मुखवटा बसवलेली टोपली, हातात परडी. या गाड्यांत देवीला वाहिलेले जोगते असतात, आणि आज आपण ज्यांना तृतीयपंथी किंवा पारलिंगी म्हणतो अशी माणसं त्यांच्यात अनेक असतात. त्यांच्या पाया पडणारे भाविकही भरपूर. पण शंभर वर्षांपूर्वी हे जोगते कुठं राहत, काय गात, एकमेकांना कोणत्या नावानं हाक मारत, हे शोधायला ग्रंथालयात जा, हाती फार थोडं लागेल. ते कशामुळं आणि त्यात भर कशी घालायची, हे आज बोलू.

जे लागतं ते बहुतेक दुसऱ्यांनी लिहिलेलं असतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात एक स्वतंत्र भाग हिजड्यांवर होता. उत्तर हिंदुस्थानातल्या प्रांतांत त्याखाली नावांच्या आणि मालमत्तेच्या नोंदवह्या ठेवल्या गेल्या, आणि नोंद झालेल्या माणसानं बायकांचे कपडे घालून रस्त्यावर नाचलं तर शिक्षा होती. आपल्या मुलखात वेगळा कागद सापडतो: मराठी राज्यांत काही हिजड्यांना भिक्षेचा हक्क आणि इनाम जमिनी होत्या, त्या गुरूकडून चेल्याकडे जात, आणि इंग्रजी अमलात हे हक्क नाकारले गेले. पुढं २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसं नोंदली गेली. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं नालसा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात तृतीय लिंगाला मान्यता दिली, २०१९ ला पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. पोलीस, महसूल, जनगणना, कोर्ट. या चारही ठिकाणी माणूस बोलत नाही, त्याच्याबद्दल बोललं जातं.

आणि जे आहे ते सापडतही नाही, कारण शोधायचा शब्द चुकतो. १९२० मध्ये शाहू महाराजांच्या काळात करवीर संस्थानात जोगत्या-मुरळी प्रतिबंधक कायदा झाला. त्या काळचे कागद 'तृतीयपंथी' या शब्दानं शोधले तर एकही पान निघायचं नाही, कारण हा शब्द तेव्हा त्या अर्थानं कुणी लिहीतच नव्हतं. म्हणून पुराभिलेखागारात किंवा जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींत शोधायला बसणाऱ्यानं आधी शब्दांची यादी करावी: जोगता, जोगत्या, जोगती, जोगप्पा, हिजडा, खोजा, नाच्या. मोडी वाचणाऱ्याला हीच यादी मोडीत लिहून द्यावी. मात्र सापडलेल्या प्रत्येक जोगत्याला तृतीयपंथी ठरवायची घाई करू नये. कितीतरी जोगते स्वतःला फक्त देवीचे म्हणवतात, त्यापलीकडे कोणताही शब्द त्यांना लागत नाही. नोंदीत त्यांचाच शब्द राहू द्या.

आता पेटीकडे येऊ, कारण खरा ठेवा तिथं आहे. वयस्कर गुरूच्या खोलीत कॉटखाली बहुधा एक लोखंडी ट्रंक असते. वर जत्रेची साडी. तिच्याखाली फोटोंचा अल्बम, रबर लावून बांधलेल्या कॅसेट, शाळा सोडल्याचा दाखला जुन्या नावाचा, रेशनकार्ड नव्या नावाचं, नाव बदलल्याचं राजपत्राचं पान, दवाखान्याचे कागद, फेव्हिकॉलनं वहीत चिकटवलेली कात्रणं. माणूस गेला की जग कुणाकडे जायचा हे बहुधा ठरलेलं असतं. ट्रंकेतल्या कागदांचं कुणी ठरवलेलं नसतं. कधी माहेरचे येऊन ते जाळतात, कधी घरमालक रद्दीत घालतो. बऱ्याच पिढ्यांचा इतिहास असाच गेलेला आहे, आणि हे थांबवणं आपल्या हातात आहे.

ट्रंक उघडली तर काही उचलण्याआधी आहे त्या क्रमानं फोटो घ्या. अल्बममध्ये कुणाचा फोटो कुणाशेजारी लावला आहे, हीसुद्धा माहिती असते. गुरू मधोमध, चेले वयाप्रमाणं भोवती, आणि एखाद्या पानावर कापून काढलेला चेहरा. सुटे फोटो पाकिटात घातले की हे नातं हरवतं.

ऐंशी-नव्वदच्या दशकातले अल्बम चिकट पानांचे असतात, वर पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा. तो चिकटा काळानुसार पिवळा पडून फोटोच्या पाठीत मुरतो आणि वरचं प्लॅस्टिक फोटोच्या चकचकीत बाजूला धरतं. नखानं उचकटलात तर फोटोचा रंगाचा थर प्लॅस्टिकबरोबर निघून येतो, तो परत बसत नाही. दात साफ करायचा मेण नसलेला धागा घ्या, दोन्ही हातांत ताणून फोटोच्या मागून करवतीसारखा हळू सरकवा. अडलं तर थांबा, आणि त्या पानाचं आहे तसं स्कॅनिंग करा. स्कॅन ६०० डीपीआयला, टिफ स्वरूपात. चार बाय सहा इंचाचा एक रंगीत फोटो साधारण २५ एमबीचा होतो, म्हणजे शंभर फोटोंना अडीच जीबी पुरतात. जेपेगची प्रत लोकांना द्यायला ठीक, पण जतनाची प्रत तीच ठेवू नका, कारण ती प्रत्येक वेळी बदलून जतन करताना थोडी थोडी झिजते. रंगीत फोटोच्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही, म्हणून जोर लावू नका, दाब पुढच्या बाजूला दिसतो. नाव, वर्ष, जागा पाकिटावर लिहा, तेही फोटो आत घालण्याआधी. पाकीट आम्लरहित कागदाचं किंवा पॉलिएस्टरचं हवं. बाजारातली स्वस्त पीव्हीसीची पाकिटं काही वर्षांनी फोटोला चिकटतात.

कागदांना लॅमिनेशन करू नका. एकदा केलं की ते सोडवता येत नाही आणि आतल्या आत कागद कुजत राहतो. सेलोटेप नको. गंजलेल्या पिना चिमट्यानं सरळ करून काढा, ओढू नका.

कॅसेटचं काम सगळ्यांत तातडीचं. जोगव्याची गाणी, गुरूच्या तोंडची घराण्याची माहिती, एखाद्या बैठकीतलं भांडणसुद्धा त्यांवर आहे. आधी उजेडात धरून फीत बघा. कडेला पांढरी भुकटी असेल तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट वाजवलीत तर डेकच्या हेडवर बुरशी बसून पुढच्या दहा कॅसेट बिघडतील. ती वेगळी बांधून ठेवा, जाणकाराला दाखवा. बाकीच्या एकदा शेवटपर्यंत फिरवून परत गुंडाळून घ्या, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. आत फितीला दाबणारी छोटी नमद्याची गादी पडलेली असेल तर फीत स्क्रूच्या नव्या खोक्यात हलवावी लागते. वाजवताना आवाज दबका आला तर फीत खराब आहे असं लगेच समजू नका. बऱ्याचदा ती ज्या टेपवर भरली त्याचं हेड थोडं तिरकं असतं, आणि डेकच्या हेडजवळचा स्क्रू पाव फेरा फिरवला की आवाज मोकळा होतो. रेकॉर्डिंग वेव्ह स्वरूपात, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला घ्या. एक तासाची स्टिरिओ कॅसेट सुमारे दोन जीबी जागा घेते, आणि वेळ एक तासच लागतो, त्याला जवळचा रस्ता नाही. सगळ्याच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. सीडीवर भिस्त ठेवू नका.

ट्रंक ग्रंथालयात आणलीच पाहिजे असं नाही. अल्बम हातातून सुटला की पुन्हा दिसेल की नाही, ही भीती रास्त आहे. घरी जाऊन अर्ध्या दिवसात प्रती कराव्यात आणि मूळ वस्तू तिथंच, चांगल्या पाकिटात घालून ठेवाव्यात. माझ्या मते सुरुवातीला हीच पद्धत बरी.

आणि आता संमती. कागद आणि आवाज जपताना माणूस उघडा पडू नये, ही या कामातली सगळ्यांत अवघड बाजू आहे. इथली चूक दुरुस्त होत नाही. संमतीपत्र मराठीत असावं आणि मोठ्यानं वाचून दाखवावं. चार गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात: हे कोण ऐकू शकेल, कोणत्या नावानं ठेवायचं, चेहरा दाखवायचा का, आणि तुमच्या पश्चात निर्णय कुणाचा. मुलाखत दिल्यावर विचार बदलला तर मागं घ्यायची मुदतही लिहावी. फोटोत दुसरेही लोक असतात, त्यांतलं कुणी आज गावाकडं लग्न करून राहत असेल. सौंदत्तीच्या यात्रेतला एक फोटो इंटरनेटवर टाकून त्याचं घर मोडू शकतं. आधार क्रमांक झाकल्याशिवाय एकही कागद बाहेर जाऊ देऊ नका. समाजात आपापसात बोलली जाणारी खास भाषा टेपवर आली असेल तर तिचा कोश छापायच्या आधी गुरूंना विचारा. ती भाषा पोलिसांपासून वाचायलाही वापरली जाते.

मुलाखत घेताना पंखा बंद, माईक तोंडापासून वीतभर, आणि तास-दीड तासाच्या वर नको. एका तासाचं बोलणं उतरवून काढायला पाच-सहा तास जातात, तेव्हा दहा मुलाखती घेऊन एकही न उतरवण्यापेक्षा तीन घ्या. बोलणारी व्यक्ती मधे कानडीत गेली तर कानडी तसंच देवनागरीत उतरवा, अर्थ कंसात द्या.

ग्रंथपालांसाठी दोन शब्द जास्त, कारण ठेवलेलं सापडणं त्यांच्या हातात आहे. ड्यूई वर्गीकरणात पारलिंगी व्यक्तींसाठी ३०६.७६८ हा क्रमांक आहे, समाजशास्त्रातला. याच विषयाची पुस्तकं कुणी मानसिक आजारांच्या किंवा गुन्हेशास्त्राच्या कपाटात लावतं. वाचायला आलेला विशीतला मुलगा कपाटावरची पाटी आधी वाचतो, पुस्तक मागाहून. क्रमांक तपासून घ्या. जुन्या कागदाच्या शीर्षकात अपमानाचा शब्द असला तर तो खोडू नका, शीर्षक म्हणून तसाच ठेवा, अभ्यासकाला तो लागतो. पण तुमचा विषयशब्द तुमचा असू द्या.

नावाची नोंद जपून करा. मुख्य नाव तेच, जे ती व्यक्ती वापरते. जुनं नाव सार्वजनिक तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या यादीत, 'हेही पाहा' म्हणून घालण्याची सवय सोडा. ते लागलंच तर दाखल-नोंदवहीच्या बंद पाकिटात ठेवा. व्यक्तीच्या नोंदीत लिंगाचा रकाना असतो, मार्क या संगणकीय नोंदींच्या पद्धतीत तो ३७५ क्रमांकाचा. परदेशातल्या तालिकाकारांच्या समितीनं २०२२ मध्ये तो भरूच नये असं सुचवलं आहे. रिकामा ठेवल्यानं ग्रंथालयाचं कोणतंही काम अडत नाही.

एक मोठी पोकळी मुद्दाम सांगतो. जोगते आणि हिजडे यांची घराणी आहेत, गुरू आहेत, म्हणून ट्रंक तरी आहे. मुलगी म्हणून जन्मलेले पण पुरुष म्हणून जगणारे पारलिंगी लोक अशा घराण्यांत फारसे नसतात. त्यांची आठवण मोबाइलमध्ये असते, आणि मोबाइल पडला की सगळं गेलं. त्यांचे संदेश, पहिला दाढीचा फोटो, नोकरीचे अर्ज, हे आत्ताच मागून ठेवावं लागेल.

शेवटी पाणी. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ चा पूर शहरानं पाहिला आहे. तळमजल्यावर काही ठेवू नका, वरच्या मजल्यावरही कपाटाचा खालचा खण जमिनीपासून अर्धा फूट वर असावा आणि पाठ भिंतीला टेकू नये. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशी धरते, म्हणून कपाटात आर्द्रतामापक आणि सिलिका जेल ठेवा, कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ माणसालाही बाधते. कागद भिजलेच तर हातात ४८ तास असतात. उन्हात वाळवू नका, पानं एकमेकांना चिकटतात. टीपकागद घालून पंख्याखाली पसरा, आणि गठ्ठे जास्त असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून डीप फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी थांबते आणि सवडीनं एकेक वाळवता येतात. भिजलेले फोटो स्वच्छ गार पाण्यात धुऊन, चित्राची बाजू वर करून वाळत घाला.

हे सगळं आज जमणार नसेल तर कॅसेटपासून सुरुवात करा. वरच्या कडेला दोन बारीक प्लॅस्टिकच्या चकत्या असतात. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं त्या मोडा. मग कुणी चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी ते खाली जाणार नाही, आणि गुरूचा आवाज पुसला जाणार नाही.