काजव्यांच्या झाडाखालचे सल्ले

मे सरत आलाय. भंडारदऱ्याकडे पाऊस अजून लागलेला नाही, पण हवा दमट झालीय. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे दिसू लागायचे हे दिवस. आणि पुणे, नाशिक, मुंबईहून ट्रायपॉड घेऊन येणाऱ्या मंडळींचेही.

(दृश्य: संध्याकाळ. पायवाटेच्या कडेला कॅमेरे लावणारी माणसं.)

उजेड आहे तोवर तोंडं चालू असतात. "फोकस आत्ताच करून मॅन्युअलवर टाक, नंतर चाचपडशील." "दादा, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करायचं ना?" करायचंच. फोटोतले नको असलेले दाणे पुसणारी कॅमेऱ्यातली ही सोय चालू राहिली, तर ३० सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद अडून बसतो, आणि समोरचे काजवे तेवढा वेळ फुकट चमकतात. सेटिंगचे आकडे मात्र जाणकार जरा जपूनच सांगतात. लेन्सचं छिद्र एफ २.८, उजेड टिपायची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १६००, इथून सुरुवात करायची. चंद्र असला की गणित बदलतं.

खरी जुंपते ती स्टॅकिंगवरून, म्हणजे अनेक फोटो रचून एक करण्यावरून.

३० सेकंदांच्या एका फोटोत ठिपके मोजकेच उमटतात. प्रकाशाने लगडलेलं जे झाड आपण मोबाइलवर पाहतो, ते बहुतेकदा असे कितीतरी फोटो एकावर एक रचून तयार होतं. १२० फोटो म्हणजे तासाभराचा उजेड. त्यात एकच काजवा अनेकदा उमटलेला असतो. जुने लोक म्हणतात, हा फोटो नव्हेच. तरुण विचारतात, काका, मग तासन्‌तास उजेड साठवून केलेले ताऱ्यांच्या रेषांचे फोटो तुम्हाला कसे चालतात?

आमचं मत तरुणांच्या बाजूने झुकतं. वेळ साठवणं हे कॅमेऱ्याचं जुनंच काम आहे. पण किती फोटो रचले, ते खाली लिहावं. नाहीतर घरबसल्या पाहणाऱ्याला वाटतं, झाड डोळ्यांनाही असंच दिसतं. तो गाडी काढून येतो, हिरमुसतो आणि मोबाइलचा टॉर्च लावतो.

(दृश्य: टॉर्चचा झोत. एक हात पुढे होऊन तो झाकतो.)

हा टॉर्च नुसता फोटो बिघडवत नाही. काजव्याचा नर चमकून मादीला खूण करतो, मादी उत्तर देते. आपल्या उजेडात ही खूणच पुसली जाते. म्हणून इथल्या अनुभवी लोकांचे निम्मे सल्ले उजेड लपवण्याचे असतात: ऑटोफोकसचा दिवा बंद, मागचा स्क्रीन बंद, कॅमेऱ्यावरच्या लाल ठिपक्यावर काळी चिकटपट्टी. फ्लॅशने तर फोटोत पानं येतात, काजवे येतच नाहीत. तरी दरवर्षी कोणीतरी मारतोच! आणि पायवाट सोडायची नाही. अंडी, अळ्या ओल्या मातीतच असतात.

राहिला जागेचा प्रश्न. झाड नेमकं कुठलं, हे सांगावं का? सांगितलं, तर पुढच्या शनिवारी तिथे गाड्यांची रांग. लपवलं, तर गावात राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्यांचं आणि वाट दाखवणाऱ्या पोरांचं चार दिवसांचं उत्पन्न बुडतं. गावाचं नाव लिहा, झाडाचं लोकेशन टाकू नका, असा मधला मार्ग एकाने सुचवलाय. दुसऱ्याला तो पटलेला नाही: गाव कळलं की झाड कळायला कितीसा वेळ लागतो? तिसरा म्हणतो, गावातला माणूस सोबत असल्याशिवाय इथे यायचंच नाही, असं ठरवू. त्यावर अजून एकमत नाही.