राजदूतचं इंजिन घरी बांधताना

[तळहातावर दोन काळी रबरी सीलं]

जुन्या राजदूतचं इंजिन उघडलं की सगळ्यांची नजर आधी पिस्टनवर आणि तो ज्यात वर-खाली होतो त्या बोरवर जाते. गाडी उचलत नाही, धूर सोडते? पिस्टन बदला, रिंगा टाका, झालं! पण टू-स्ट्रोक इंजिनाचा जीव पिस्टनच्या खालीही तेवढाच असतो. पिस्टनच्या वर-खाली होण्यानं फिरणाऱ्या क्रँकच्या दोन बाजूंना बसणारी ही सीलं फाटलेली असतील, तर वर घातलेला नवा माल एक उन्हाळाही काढत नाही.

पिस्टन वर जातो तेव्हा खाली क्रँकच्या बंद डब्यात, म्हणजे क्रँककेसमध्ये, ओढ तयार होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा आत येते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी, म्हणजे पोर्टांनी, वर सिलिंडरमध्ये चढतं. म्हणजे क्रँककेस हा एक पंपच आहे, आणि पंपाला भोक चालत नाही. मॅग्नेटोकडचं, म्हणजे ठिणगीची वीज बनते त्या बाजूचं, सील गेलं तर बाहेरची हवा आत शिरते. पेट्रोल कमी, हवा जास्त. रेस आपोआप चढते, इंजिन तापतं. मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, मागे खताचं पोतं बांधलेलं असताना असा पिस्टन चिकटायला वेळ लागत नाही. क्लचकडचं सील गेलं तर त्या बाजूचं ऑइल आत ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून धुराचे लोट निघतात.

[टिनाचं शेड, पोत्यावर मांडलेले सुटे भाग]

वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका गावात काकाजी आणि त्यांचा पुतण्या ही गाडी पुन्हा उभी करत आहेत. पेरणीआधीची मोकळीक आहे. मृग लागला की कुणाला वेळ मिळायचा नाही. इंजिन १७३ सीसीचं, एकच सिलिंडर. पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून एस्कॉर्ट्सने १९६० च्या दशकात राजदूत भारतात बनवायला घेतली, आणि दूधवाल्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत ती खेड्याखेड्यांत पोचली. व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, टॅपेट नाही. म्हणूनच घरी खोलायला हे इंजिन भलं.

मागे एका गॅरेजात हिचा फक्त पिस्टन बदलला होता. तेव्हा सीलांना कुणी हात लावला नव्हता. आता मॅग्नेटोचं फ्लायव्हील उतरलं आहे, तेही पुलर लावून. हातोडीनं ठोकलं असतं तर क्रँकच्या आट्यांचं वाटोळं झालं असतं.

[सिलिंडरची आतली बाजू, अगदी जवळून]

“काकाजी, हे घासलं काय?”

“नुसतं पायू नको, बोट फिरव. वरच्या अंगाला काठ लागते ना? तेवढा बोर खाल्ला रिंगीनं.”

बोटाला लागलं, पण किती खाल्ला ते कसं कळणार? बोरचा व्यास मोजायचा गेज घरी नसतो. त्यासाठी काकाजींची रीत बघा. एक रिंग सिलिंडरच्या अगदी तळाशी, पोर्टच्या खाली सरळ बसवली. तिथं रिंग कधी घासतच नाही. टोकांमधली फट फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजली: ०.३ मिलिमीटर. मग तीच रिंग वरच्या काठाच्या जरा खाली आणली. तिथं फट भरली ०.९. फरक ०.६; त्याला ३.१४ ने भागलं की जवळपास ०.२. एवढा व्यास वाढला आहे. झीज काही सगळीकडून सारखी नसते, त्यामुळे मूळ मापापेक्षा ०.२५ मिलिमीटर मोठा, म्हणजे ओव्हरसाइज, पिस्टन पुरेल याचा भरवसा नाही. सरळ ०.५० चा घ्यायचा.

बोअरिंग, म्हणजे बोर आतून कापून मोठा करणं, घरी होत नाही, ते लेथवरच. नवा पिस्टन सोबत न्यायचा, कारण बोर पिस्टनच्या मापानं करायचा असतो. सिलिंडर परत आलं की पोर्टच्या धारा मोडल्या आहेत की नाही ते बोटानं तपासायचं. धार तशीच राहिली तर रिंग तिच्यात अडकून तुटते. पुतण्या प्रत्येक पोर्टवरून बोट फिरवतो आहे, आणि काकाजी घाई करत नाहीत. हे काम असंच करावं, असं मला मनापासून वाटतं.

कनेक्टिंग रॉड वर-खाली हलत होता. आडवा थोडा हलला तर चालतो, उभा अजिबात नाही. त्यामुळे नवं रॉड किट प्रेसवर बसवून क्रँक सरळ करून आणला.

[गॅसवर तापत ठेवलेली क्रँककेस]

बेअरिंग मात्र घरीच बसलं. काकूंनी फ्रीजरमध्ये जागा करून दिली. बेअरिंग रात्रभर तिथं. सकाळी ॲल्युमिनियमची केस तव्यावर तापवली. पाण्याचा थेंब टाकला, चर्रर्र करून उडाला. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, म्हणून थंड बेअरिंग ठोकाठोकी न करता आपल्या जागी गेलं. केस निवल्यावर सीलं, ओठांना थोडं ऑइल लावून.

पुढचं पटापट झालं. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगांची टोकं पिनांवर, मग सिलिंडर, हेड, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास. हवेची जाळी नवी घातली. काळ्या मातीची धूळ आत गेली तर नवा बोरही पुन्हा तसाच खाल्ला जाणार.

पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टू-टी ऑइल. गाडी किकवर लागली. थोडा वेळ चालवली, बंद केली, पूर्ण निवू दिली आणि हेडचे नट पुन्हा आवळले. पुतण्यानं ॲक्सिलेटर सोडला तशी रेस लगेच खाली आली, मधेच चढून राहिली नाही.

“आता शेतात नेऊ काय जी?”

“ने. पण हप्ताभर पोतं नाही लादायचं, अन् सारखी एकाच रेसवर पळवायची नाही. शनिवारी प्लग काढून आण, रंग पायतो.”