वाळवंटातल्या गाण्याचे पैसे कोण देतं?

नमस्कार श्रोतेहो.

लॉस एंजेलिसहून दहा नंबरचा हायवे धरून पूर्वेला निघालं की पावणेदोन-दोन तासांत सॅन गोर्गोनियोची खिंड लागते. तिथला वारा असा, की स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावं लागतं. आजूबाजूला पवनचक्क्यांचं रानच्या रान. खिंड ओलांडली की उजव्या हाताला उभा कातळ आणि त्याच्या पायथ्याशी ताडामाडांच्या रांगांत बसलेलं एक टुमदार गाव. पाम स्प्रिंग्ज.

मी पहिल्यांदा गेलो तो ऑगस्टमध्ये. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो : हॉटेलं निम्म्या भावात मिळत होती. दुपारी चारला खोलीबाहेर पाऊल टाकलं आणि ती निम्म्या भावात का, ते तळपायापासून डोक्यापर्यंत कळलं. इथे जुलैतलं दुपारचं सरासरी तापमान 42 अंशांच्या घरात असतं. 2024 च्या जुलैत तर पारा 51 वर गेला होता. पाम कॅन्यन ड्राइव्ह हा मुख्य रस्ता सामसूम. संध्याकाळी गाणं कुठे ऐकायला मिळेल, असं मी हॉटेलातल्या बाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ऑक्टोबर उलटू दे, मग या."

हे गाव हंगामावर जगतं. आपल्याकडे तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि उन्हाळा सरता सरता कनाती गुंडाळतात, तसंच काहीसं. फरक एवढाच, की तिथे फड जागेवर राहतो आणि प्रेक्षक गाव बदलतात. उरलेले चार-पाच महिने नुसतं भाडं भरायचं. अशा ठिकाणी नुसत्या तिकिटावर गाण्याचं थिएटर चालवायचं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. म्हणून आज मी तुम्हाला गायकांपेक्षा हिशेबाची गोष्ट सांगणार आहे. या वाळवंटात गाण्याचे पैसे नेमके कोण देत आलं?

एक गाणं मात्र या हिशेबात बसत नाही. ते इथल्या मूळ लोकांचं, कविया जमातीचं. त्यांची पक्षीगीतं असतात. भोपळ्याचा खुळखुळा हातात घेऊन पुरुष ओळीत उभे राहतात आणि आपले पूर्वज कुठून कुठे फिरत आले, वाटेत काय काय पाहिलं, ते गाण्यांमागून गाणी जोडत सांगतात. सूर्य मावळल्यावर सुरुवात, आणि पूर्ण मालिका म्हणायची तर पहाट होते. गोंधळ-जागरण ऐकत वाढलेल्या माणसाला याचं वेगळं काही वाटणार नाही. त्याला थिएटर लागत नाही, तिकीट लागत नाही.

या जमातीच्या एका शाखेचं नाव आग्वा कॅलिएंते. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ गरम पाणी. गावाच्या मधोमध उन्हाळं आहे, उन्हाळं म्हणजे गरम पाण्याचा झरा, त्यावरून हे नाव. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हा सरकारने इथल्या जमिनीचे एकेक चौरस मैलाचे चौकोन पाडले. विषम आकड्यांचे चौकोन रेल्वे कंपनीला, सम आकड्यांचे जमातीला. नकाशा बघितला तर हुबेहूब बुद्धिबळाचा पट. त्यातला चौदा नंबरचा चौकोन, सेक्शन फोर्टीन, नेमका गावाच्या काळजात आला, गरम झऱ्यासकट. हा चौदा नंबर लक्षात ठेवा.

गावाला चटक लागली ती हॉलिवूडची. 1927 च्या 31 डिसेंबरला एल मिराडोर हे मोठं हॉटेल उघडलं. 1934 मध्ये चार्ल्स फॅरेल आणि राल्फ बेलामी या दोन नटांनी रॅकेट क्लब काढला. 1936 च्या डिसेंबरात प्लाझा थिएटर सुरू झालं. आपण आज रेडिओवर बोलतोय म्हणून मुद्दाम सांगतो : जॅक बेनीसारख्या विनोदवीराचे देशभर ऐकले जाणारे कार्यक्रम या प्लाझाच्या रंगमंचावरून प्रसारित होत. हिवाळ्यात तारे इथे विश्रांतीला यायचे आणि रेडिओ त्यांच्या मागोमाग यायचा. बर्फात कुडकुडणाऱ्या शिकागोतल्या माणसाला घरबसल्या कळायचं, की कुठेतरी जानेवारीत लोक पोहताहेत. गावाची इतकी मोठी जाहिरात, आणि तीही फुकट.

पण रात्री गाण्याला पैसे कुठून यायचे? जुगारातून. कॅलिफोर्नियात जुगाराला बंदी होती, म्हणून तो शेजारच्या कॅथेड्रल सिटीत चोरून चालायचा. डेट्रॉइटहून आलेल्या अल वर्थायमरने 1934 मध्ये तिथे ड्यून्स क्लब काढला. बाहेर उंची जेवण आणि नाचगाणं, आत रूलेची टेबलं. असे आणखी दोन अड्डे होते. त्या हिशेबात गाणं म्हणजे मिठाईवरचा वर्ख. विकायची मिठाईच. 1943 मध्ये ड्यून्स क्लब जळाला आणि त्या दशकात हा सगळा प्रकार आटोपला.

मग आला ची ची क्लब. माझ्या मते या गावातली गाण्याची सगळ्यात मोठी जागा हीच. अर्विन शूमन नावाच्या माणसाने मुख्य रस्त्यावरच्या साध्या खाणावळीपासून सुरुवात करून ती वाढवत नेली, आणि 1950 च्या सुमारास तिला स्टारलाइट रूम हे मोठं दालन जोडलं. जेवता जेवता सातशेच्या आसपास माणसं गाणं ऐकू शकतील एवढं. कोण गायलं नाही तिथे? नॅट किंग कोल, एला फिट्झजेराल्ड, पेगी ली, लुई आर्मस्ट्राँग. आणि गाव केवढं, तर सात-आठ हजार लोकवस्तीचं तालुक्याचं ठिकाण म्हणता येईल एवढं. 1947 मध्ये गायक फ्रँक सिनात्राने इथे घर बांधलं, त्याचा पोहण्याचा तलाव पियानोच्या आकाराचा. तो आला की बारमधल्या लोकांना फुकटात मैफल मिळण्याची आशा असायची.

ची ची का बुडाला, याचं उत्तर लास वेगासमध्ये आहे. नेवाडा राज्याने जुगार 1931 मध्येच कायदेशीर केला होता. युद्धानंतर तिथे एकामागून एक कसिनो उभे राहिले, आणि त्यांना गाण्यातून नफा काढायचाच नव्हता. गाण्याला माणूस आला की तो टेबलाजवळून जातो आणि खिसा हलका करूनच परततो, एवढं त्यांना पुरे होतं. म्हणून ते गायकाला वाटेल तेवढे पैसे मोजत. शूमनला मात्र आपला आकडा जेवणाच्या बिलातून आणि दारूतून काढायचा, आणि तोही हंगामात. या दोघांची स्पर्धा होणार कशी? साठच्या दशकाच्या मध्यावर ची ची बंद पडला आणि पुढे इमारतही पाडली गेली. मी ती जागा हुडकत मुख्य रस्त्यावर दोनदा वर-खाली फिरलो. स्टारलाइट रूमची एक वीटही दिसायची नाही.

आता त्या चौदा नंबरकडे येऊ.

ची चीमध्ये ताटं कोण उचलत होतं? हॉटेलांच्या खोल्या कोण झाडत होतं, भिंती कोण बांधत होतं? बहुतेक कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन कुटुंबं. गावात इतरत्र त्यांना घर मिळत नसे. गोऱ्यांखेरीज कुणाला विकायचं नाही, अशी अट खरेदीखतातच घातलेली असायची. म्हणून ती आदिवासींच्या जमिनीवर, सेक्शन फोर्टीनमध्ये, जमिनीचं भाडं भरून स्वतःच्या हाताने बांधलेल्या घरांत राहत. म्हणजे बघा, नॅट किंग कोलला व्यासपीठावर टाळ्या मिळत होत्या, आणि त्याच रंगाचा वेटर पाळी संपली की गावाने ज्याच्याकडे पाठ फिरवली होती त्या चौकोनात झोपायला जात होता.

1959 मध्ये कायदा बदलला. आदिवासींची जमीन पूर्वी थोड्याच वर्षांच्या कराराने देता येत असे, ती आता 99 वर्षांसाठी देता येऊ लागली. गावाच्या मध्यावरचा तो एक मैल रातोरात सोन्याच्या भावाचा झाला. मग लोकांना हुसकावणं सुरू झालं. घरं पाडली आणि जाळली, आणि त्यात शहराचं अग्निशमन दलही होतं. काही जण कामावरून परतले तेव्हा घर जागेवर नव्हतं. 1968 मध्ये राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या खात्याने अहवाल दिला, त्यात या प्रकाराला 'शहराने घडवून आणलेला होलोकॉस्ट' म्हटलं होतं. हे शब्द सरकारी कागदावरचे आहेत. शहराने माफी मागितली ती 2021 मध्ये. तिथल्या जुन्या रहिवाशांना आणि त्यांच्या वारसांना 59 लाख डॉलर देण्याचा समझोता व्हायला 2024 उजाडलं.

ची ची गेल्यावर गावाला म्हातारपण आलं. एका अर्थी खरोखरच, कारण निवृत्त लोकच राहायला येत होते. प्लाझा थिएटरात नव्वदच्या दशकात फॉलीज नावाचा नाचगाण्याचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात कलाकार व्हायची अटच मुळी पंचावन्नच्या पुढचं वय. तो 2014 पर्यंत चालला. पिसांचे मुकुट घातलेल्या सत्तरीच्या आजीबाई आणि समोर त्यांच्याच वयाचे रसिक. मला हा प्रकार भलताच आवडतो.

पण अशा गावातल्या सतरा वर्षांच्या पोरांनी काय करायचं? पाम डेझर्ट, इंडिओ या आसपासच्या गावांतल्या पोरांकडे गिटारी होत्या, आणि वाजवायला जागा कुणी देत नव्हतं. ऐंशीच्या दशकात त्यांनी साधा उपाय काढला. भाड्याने जनरेटर आणायचा, तो पिकअपमध्ये टाकून वस्तीपासून दूर, डोंगरांच्या कुशीत जायचं, आणि डिझेल संपेपर्यंत किंवा पोलीस येईपर्यंत वाजवायचं. जनरेटर पार्टी. मारियो लाली हा यातला खटपट्या माणूस. कायस हा बँड याच पार्ट्यांतून वर आला, आणि त्यातला गिटारवादक जॉश होमी पुढे जगभर गाजला. तो गिटारीच्या तारांचा सूर खाली उतरवायचा आणि गिटार बेसच्या अँप्लिफायरमधून वाजवायचा. उघड्यावर आवाज परतवायला भिंत नसते, छप्पर नसतं; तिथे टिकायचं तर आवाज जमिनीतून यावा लागतो. वाळूचं वारं सुटलं की ती थेट अँप्लिफायरमध्ये. 'डेझर्ट रॉक' म्हणून पुढे जे नावारूपाला आलं, ते घडवण्यात या जागेचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. आणि पैसे कोण देत होतं? कुणीच नाही. डिझेलपुरती वर्गणी.

1993 मध्ये पर्ल जॅम या बँडचं तिकीटमास्टर या तिकीट विकणाऱ्या कंपनीशी भांडण जुंपलं. मोठी थिएटरं बहुतेक त्या कंपनीशी बांधलेली. तेव्हा तिच्या हाताबाहेरची जागा शोधता शोधता 5 नोव्हेंबरला ते इंडिओतल्या एम्पायर पोलो क्लबच्या मैदानावर आले. घोड्यांसाठी राखलेलं हिरवंगार गवत, आणि त्यावर 25 हजार लोक. आयोजक पॉल टॉलेटच्या डोक्यात ती जागा पक्की बसली. 1999 च्या ऑक्टोबरात त्याने तिथे कोचेला हा संगीत महोत्सव भरवला, आणि साडेआठ लाख डॉलर घालवून बसला. उन्हाचा कडाका होता, तिकिटं खपली नाहीत. पुढल्या वर्षी महोत्सवच नाही. 2001 मध्ये तो एकाच दिवसाचा करून एप्रिलमध्ये आणला, म्हणजे शेवटी गावाच्या हंगामाशीच जमवून घेतलं. आज एकेका दिवशी सव्वा लाख माणसं जमतात. त्याविषयी तुम्ही इन्स्टाग्रामवर गरजेपेक्षा जास्त पाहिलं असेल, म्हणून मी थांबतो.

एकच किस्सा सांगतो. 2016 च्या ऑक्टोबरात त्याच मैदानावर बॉब डिलन, रोलिंग स्टोन्स, पॉल मॅकार्टनी अशा बुजुर्गांचा महोत्सव झाला, लागोपाठ दोन आठवडे, शुक्रवार ते रविवार. मधल्या गुरुवारी मॅकार्टनी वर डोंगरात पायोनियरटाउनला गेला. 1946 मध्ये काउबॉय चित्रपटांसाठी उभारलेलं हे नकली गाव, आणि त्यात पॅपी अँड हॅरिएट्स नावाचा एक बार. तिथे तो तीनेकशे माणसांसमोर गायला. तिकीट 50 डॉलर, त्याच दिवशी दारात विकलेलं. मी तिथे नव्हतो. ही खंत मी मरेपर्यंत बाळगणार आहे.

आणि जुगार? तो परत आला. इंडिओजवळच्या कॅबेझॉन जमातीत तेव्हा जेमतेम 25 सभासद होते. त्यांच्या बिंगो आणि पोकरवर धाडी पडल्या, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1987 मध्ये निकाल जमातीच्या बाजूने लागला. अमेरिकेभर आदिवासींचे जे कसिनो आज दिसतात, त्यांची वाट याच खोऱ्यातून निघाली. आग्वा कॅलिएंतेंचा कसिनो पाम स्प्रिंग्जमध्ये 1995 मध्ये आला. शेजारच्या रँचो मिराजमध्ये त्यांचं दोन हजार आसनांचं थिएटर 2009 पासून चालू आहे. वेगासने जे गणित ची चीवर उलटवलं, तेच आता या जमातीच्या हातात आहे.

गावातला तो कसिनो आहे चौदा नंबरच्या चौकोनात. त्या ऑगस्टात, शेवटच्या संध्याकाळी, गाणं शोधत मी तिथेच पोचलो. गावात बाकी सगळं बंद, पण इथे एसी चालू, कोपऱ्यात छोटासा रंगमंच आणि त्यावर चौघांचा बँड. दारात कुणी पैसे मागितले नाहीत. गाणारी बाई साठीची असावी. दोन गाण्यांच्या मध्ये ती पाणी प्यायला थांबली, की पलीकडून स्लॉट मशीनचा किणकिणाट ऐकू यायचा. मग ड्रमवाला काठी आपटून ताल द्यायचा आणि पुढचं गाणं सुरू व्हायचं.

नमस्कार.