मूताँचं २०२२: वणव्याच्या उन्हाळ्यातली वाइन

(दृश्य: दगडगोट्यांत उभ्या बुटक्या द्राक्षवेली. मागे जिरोंदचं रुंद, गढूळ पाणी.)

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, बोर्दो शहर मागे टाकून उत्तरेकडे निघालं की जिरोंद खाडीच्या काठाकाठानं मेदोकचा चिंचोळा पट्टा लागतो. त्यातलं हे पोयाक. समोरच्या वेली आहेत शातो मूताँ रॉथशिल्डच्या. शातो म्हणजे द्राक्षमळ्यासकट वाइन बनवणारी इस्टेट. नाशिककडचा द्राक्षबागायतदार इथे आला, तर त्याची नजर आधी जमिनीवर जाईल. मांडव नाही. वेल जेमतेम कमरेएवढी, एका हेक्टरात दहा हजारांच्या आसपास. माती शोधावी लागते, कारण वर सगळे गोटेच. आणि ठिबकची नळी कुठेच नाही. पोयाकच्या नावानं वाइन विकायची, तर फळावर आलेल्या वेलीला एरवी पाणी देता येत नाही, असा इथला नियम आहे.

२०२२ साली या नियमाची कसोटी लागली.

वसंत कोरडा गेला. जूनच्या मध्यावर बोर्दोत पारा चाळीसच्या वर गेला, जुलैत पुन्हा गेला. त्याच जुलैत शहराच्या दक्षिणेला, लांदिरास आणि ला तेस्तच्या पाइनच्या जंगलांत वणवे पेटले. वीस हजार हेक्टरहून अधिक जंगल जळालं, हजारो माणसांना घरं सोडावी लागली. पोयाक तिथून बरंच लांब, उत्तरेला. आग इथवर आली नाही. पण ऊन होतंच. एरवी हेच गोटे इथलं भांडवल असतात: पावसाचं पाणी झरझर खाली जाऊ देतात, दिवसाची ऊब धरून ठेवतात आणि उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाला शेवटपर्यंत साथ देतात. अशा उन्हाळ्यात मात्र ती ऊबच जिवावर उठू शकते.

(दृश्य: एकच घड, अगदी जवळून. मणी करवंदाहून लहान, साल जाड, वर धुरकट लव.)

हे मणी बघा. यातच त्या वर्षाची गोष्ट आहे. तहान अचानक लागली असती, तर वेली कोलमडल्या असत्या. पण पाणी सुरुवातीपासूनच बेताचं होतं, म्हणून वेलींनी सुरुवातीपासूनच हात आखडता घेतला. पानं कमी धरली, वाढ आवरली, मणी लहान ठेवले. जूनच्या पावसानं थोडा आधार दिला. बाकीचं काम मुळांनी केलं. गोट्यांच्या थरांतून ती खोल गेलेली असतात. लहान मणी म्हणजे रस कमी आणि साल जास्त, आणि वाइनचा रंग, तिचा तुरटपणा, तिचं आयुष्य हे सगळं सालीतूनच येतं. तोडणी सप्टेंबर लागताच सुरू झाली. माल कमी निघाला, पण रस काळाभोर आणि आश्चर्य वाटावं इतका ताजा.

आता जरा मागे जायला हवं, कारण या जागेचं मोठेपण नुसत्या जमिनीचं नाही.

१८५३ मध्ये नॅथॅनिएल द रॉथशिल्ड यांनी ही जागा विकत घेतली. दोनच वर्षांनी, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी, बोर्दोच्या दलालांनी बाजारभावावरून वाइनची प्रतवारी लावली. पहिल्या वर्गात चार नावं बसली: लाफित, लातूर, मार्गो, ओ-ब्रियाँ. मूताँ दुसऱ्या वर्गात. ती सल घराण्यात पिढ्यान् पिढ्या राहिली.

१९२२ मध्ये याच घराण्यातला वीस वर्षांचा फिलिप इथे कारभार बघायला आला. तोवरची रीत अशी, की शातोनं वाइन पिंपांत भरून बोर्दोच्या व्यापाऱ्यांना द्यायची. पुढे मुरवणं आणि बाटल्या भरणं त्यांच्याकडे. वाटेत त्या पिंपात काय मिसळलं जाईल, याची हमी कोण देणार? १९२४ मध्ये फिलिपनं ठरवलं की सगळं पीक इथेच बाटलीत भरायचं, इथलाच शिक्का मारून. पोस्टरकार जाँ कार्ल्यूकडून त्यानं त्या वर्षीचं लेबल करून घेतलं. वाइन विकून मोकळं व्हायची सोय संपली, पिंपं वर्षानुवर्षं घरातच राहणार म्हणून जागा लागली, आणि १९२६ मध्ये शंभर मीटर लांबीचं पिंपघर उभं राहिलं. मला मूताँच्या सगळ्या इतिहासात हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो. आज बोर्दोच्या चांगल्या बाटलीवर ती शातोतच भरल्याचा उल्लेख असतो, त्या प्रथेला खरं बळ इथून मिळालं.

मग युद्ध. ज्यू असलेल्या रॉथशिल्डांची मालमत्ता जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारनं ताब्यात घेतली. फिलिप निसटून जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या जनरल द गॉलच्या फौजेला मिळाला. त्याची पत्नी एलिझाबेथ हिला गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, पकडलं. १९४५ मध्ये रावेन्सब्र्युकच्या छळछावणीत तिचा मृत्यू झाला. मुलगी फिलिपीन तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. त्याच वर्षीच्या द्राक्षांच्या बाटलीवर फिलिप ज्युलियाँ या तरुण चित्रकारानं विजयाचा ‘व्ही’ काढला. तिथून दरवर्षी एक चित्रकार, हा शिरस्ता. ब्राक, दाली, मिरो, शगाल, वॉरहोल, हॉकनी... मोबदला पैशांत नाही, वाइनच्या पेट्यांत.

(दृश्य: लेबलांची भिंत. १९७३ च्या लेबलावर कॅमेरा थांबतो.)

१९७३. फिलिपनं वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी मान्य झाली आणि मूताँ पहिल्या वर्गात गेलं. हुकमावर सही होती तेव्हाचे कृषिमंत्री जाक शिराक यांची. १८५५ च्या त्या यादीत खालून पहिल्या वर्गात गेलेलं हे एकमेव नाव. लेबलावर त्याच वर्षी गेलेल्या पिकासोचं चित्र.

आता २०२२ च्या रसाचं काय झालं ते बघू. २०१२ पासून वापरात असलेल्या टाकीघरात चव्वेचाळीस टाक्या ओकच्या आणि वीस स्टीलच्या आहेत. लाकडी टाक्यांत एक फळी पारदर्शक ठेवली आहे. आत साली वर तरंगताना आणि रस रंगत जाताना दिसतो. अशा वर्षी खरी कारागिरी हात आवरण्यात असते. सालींत एवढं काही भरलेलं असताना रस जास्त घुसळला, तर वाइन कडवट होणार. पुढे ती ओकच्या पिंपांत मुरते. अधूनमधून एका पिंपातून दुसऱ्या पिंपात ओततात, म्हणजे तळचा साका मागे राहतो. मेदोकची जुनी पद्धत अशी, की ग्लासात धार धरायची आणि मागे मेणबत्ती लावायची. ज्योतीसमोर रस गढुळला की काम थांबवायचं. उरलेला गाळ बसवायला अंड्याचा पांढरा बलक. एवढ्या किमती वाइनचं भवितव्य मेणबत्ती आणि अंडं ठरवतात, याचं मला फार अप्रूप आहे.

२०२२ च्या मिश्रणात कॅबर्ने सोव्हिन्योंचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक आहे, सोबत थोडी मर्लो जातीची द्राक्षं. लेबल जेरार गारूस्त या फ्रेंच चित्रकाराचं. कारभार आता फिलिपीनच्या तीन मुलांकडे आहे. ती २०१४ मध्ये गेली.

ही वाइन विकत घेऊन लगेच उघडणं म्हणजे पैसे वाया घालवणं. पंधरा-वीस वर्षं तरी तिला द्यायला हवीत, आणि चांगल्या तळघरात ती त्याहून कितीतरी जास्त टिकेल. तोवर कुणाला २००९ ची बाटली मिळालीच तर लेबल जरूर बघा. ते चित्र मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचं आहे. तेही उन्हाचंच वर्ष होतं, आणि ती वाइन आता प्यायला घ्यायला हरकत नाही.