पक्ष्यांच्या मागाने केनिया

आफ्रिकेतील अभयारण्ये पाहायला निघालेले बहुतेक प्रवासी जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत केनियात येतात, कारण मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप त्या दिवसांत दिसतात. आपण मात्र नोव्हेंबरात आलो आहोत. आखूड पावसाचा हंगाम सुरू झाला आहे, गवत पुन्हा हिरवे होत आहे, सुगरणींच्या कुळातील नर विणीच्या रंगात आले आहेत आणि युरोप-आशियातून निघालेले स्थलांतरित पक्षी नुकतेच उतरले आहेत. ज्या देशात 1,100हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे, तो देश पक्ष्यांच्या मागाने पाहायचा असेल, तर याहून चांगला काळ क्वचितच सापडेल.

नैरोबीहून पहाटे निघालेली गाडी उत्तरेकडे जाताना, आकाश निरभ्र असेल तर, उजव्या हाताला 5,199 मीटर उंचीचा माउंट केनिया दिसतो. नान्युकी गावाजवळ आपण विषुववृत्त ओलांडतो. त्यापुढे गव्हाची हिरवी शेते मागे पडून रस्ता इसिओलोच्या दिशेने वेगाने उतरू लागतो, हवा कोरडी होते आणि दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांचे तांबूस माळरान पसरत जाते. हा संबुरूचा प्रदेश आहे. येथे एवासो न्यिरो नदीच्या काठाने डूम जातीचे ताड उभे आहेत, ज्यांच्या खोडाला ताडाच्या झाडाला न शोभणारे फाटे फुटलेले असतात, आणि या एका नदीवर सगळ्या परिसराचे जीवन अवलंबून आहे.

संबुरूत येणाऱ्या प्रत्येक गाडीला हत्ती, जाळीदार नक्षीचे जिराफ आणि मागच्या पायांवर उभे राहून झुडपाचा शेंडा खाणारे जेरेनुक हरीण पाहायचे असते. ते दिसतातही. बारीक पट्ट्यांचा, पांढऱ्या पोटाचा आणि मोठ्या गोल कानांचा ग्रेव्हीचा झेब्रा येथे पाहताना थोडे अधिक थांबायला हवे, कारण जगभरात तो आता सुमारे तीन हजारच उरला आहे. परंतु गाडीचे इंजिन बंद करून एखाद्या बाभळीखाली अर्धा तास घालवला, तर या रानाची खरी घडण उलगडू लागते. पांढऱ्या डोक्याच्या बफेलो-वीव्हर पक्ष्याची काटेरी काड्यांची ओबडधोबड घरटी फांदीवर दिसतात, आणि त्यांपैकी एखाद्या घरट्यातून जेमतेम साठ ग्रॅम वजनाचा पिग्मी ससाणा डोके बाहेर काढतो. हा आफ्रिकेतील सर्वांत लहान शिकारी पक्षी पूर्व आफ्रिकेत स्वतः घरटे बांधत नाही, तर या बफेलो-वीव्हरचेच घरटे वापरतो. शेजारच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवत असते आणि नर फटीतून तिला अन्न भरवत असतो. कोकणात ककणेर हा धनेश पाहिलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटेल, पण तेथे ते उंच वृक्षांच्या दाट सावलीत घडते आणि येथे भर उन्हात, डोळ्यांच्या उंचीवर.

याच माळावर गिधाडी गिनी फाउलचे थवे चालत येतात. बोडके, गिधाडासारखे डोके आणि त्याखाली गडद निळी छाती, तिच्यावर लांबट पांढऱ्या रेघांची पिसे, असा हा पक्षी प्रथमदर्शनी विचित्र भासतो. जवळच्या लायकिपिया पठारावरील म्पाला संशोधन केंद्राच्या परिसरात या पक्ष्यांवर झालेला अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. हे पक्षी वर्षानुवर्षे टिकणाऱ्या गटांत राहतात आणि त्यातील काही ठरावीक गट एकमेकांशी वारंवार मिसळतात, तर इतरांना टाळतात, असे त्यातून दिसले. अशी अनेक स्तरांची समाजरचना तोपर्यंत हत्ती, माकडे आणि माणूस अशा मोठ्या मेंदूच्या सस्तन प्राण्यांतच ठाऊक होती. मेंदू लहान असलेल्या पक्ष्यात ती आढळणे, ही माझ्या मते या माळरानाने दिलेल्या मोठ्या ज्ञानांपैकी एक गोष्ट आहे.

संबुरूहून पश्चिमेला वळून आपण मोठ्या खचदरीत उतरतो. या दरीतील बोगोरिया, नाकुरू आणि एलेमेंटाइटा ही तीन सरोवरे 2011 साली जागतिक वारसा यादीत आली. यांना पाण्याचा निचरा नाही. जे पाणी येते ते बाष्प होऊन जाते आणि मागे क्षार राहतात. त्या खारट, अल्कधर्मी पाण्यात स्पिरुलिना नावाने ओळखले जाणारे सूक्ष्म नीलहरित जीव वाढतात आणि त्यांच्यावर छोटे फ्लेमिंगो जगतात. ते चोच उलटी करून पाण्यात धरतात, जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करत पाणी आत ओढतात आणि चोचीतील बारीक झालरीतून अन्न गाळून घेतात. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंगही याच अन्नातून येतो. ठाण्याच्या खाडीत दरवर्षी उतरणारे छोटे फ्लेमिंगो याच जातीचे आहेत, त्यामुळे नवी मुंबईच्या किनाऱ्यावर उभे राहून हे पक्षी पाहणाऱ्यांना बोगोरियाच्या काठचा थवा परका वाटू नये.

नाकुरूवर एके काळी दहा लाखांहून अधिक फ्लेमिंगो जमत असत. आज तेथे पोहोचल्यावर प्रथम दिसतात ती पाण्यात उभी वाळलेली झाडे. साधारण 2010 पासून खचदरीतील सरोवरांचे पाणी चढत गेले, नाकुरू राष्ट्रीय उद्यानाचे जुने प्रवेशद्वार पाण्याखाली गेले आणि क्षारांचे प्रमाण घटल्यामुळे फ्लेमिंगोंचे अन्नही विरळ झाले. पक्षी दुसऱ्या सरोवरांकडे गेले. येथील गेंडे आणि जिराफ पाहून परतणाऱ्या प्रवाशाला हा बदल कदाचित जाणवणारही नाही, कारण गवत तसेच आहे आणि प्राणीही तसेच चरत आहेत. पाण्यात काय बदलले हे पक्ष्यांच्या अनुपस्थितीने सांगितले. पूर्व आफ्रिकेतील छोटे फ्लेमिंगो विणीसाठी जवळजवळ पूर्णपणे टांझानियातील नॅट्रॉन या एकाच सरोवरावर विसंबून असल्यामुळे ही चिंता साधी नाही.

नैवाशाचे गोडे पाणी, पॅपिरसची बेटे आणि मत्स्यगरुडाची दूरवर जाणारी हाक यांच्यासाठी एक सकाळ पुरते. तेथून गाडी मासाई माराकडे निघते.

माराच्या गवतात नोव्हेंबरात विल्डबीस्टचे मोठे कळप नसतात. ते दक्षिणेला सेरेंगेटीत गेलेले असतात. गवत मोकळे झाल्यामुळे त्यातून संथपणे चालणारा कोरी माळढोक सहज दृष्टीस पडतो. नर अठरा किलोपर्यंत वजनाचा असतो आणि उडू शकणाऱ्या जगातील सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. तो आपल्या माळढोकाच्याच प्रजातीगणातला आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 साली अभयारण्य घोषित झाले, तरीही आज आपला माळढोक जगभरात दीडशेहून कमी उरला आहे. माळ ही पडीक जमीन नसते, हे येथे, जिवंत आणि राखलेल्या गवताळ प्रदेशात उभे राहिल्यावर जितके स्पष्ट दिसते तितके आपल्याकडे फार कमी ठिकाणी दिसते.

मारातील गिधाडांकडेही तसेच पाहावे लागते. सिंहांनी सोडलेल्या शिकारीवर कानाशी कातडीच्या पाळ्या असलेले बलदंड लॅपेट-फेस्ड गिधाड जाड कातडे फाडते, लांब मानेची रूपेलची आणि पांढऱ्या पाठीची गिधाडे आतले मांस खातात आणि लहानखुरे हुडेड गिधाड कडेने तुकडे वेचते. भारतात गिधाडांचा संहार जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे झाला आणि 2006 साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. येथे मुख्य कारण विष आहे. सिंहाने किंवा तरसाने गाय मारली की संतापलेला गुराखी तिच्या मांसात कीटकनाशक मिसळतो, आणि सिंह येवो न येवो, गिधाडे मात्र शेकड्याने उतरतात. त्यामुळे गुरांच्या रात्रीच्या वाड्याला, ज्याला येथे बोमा म्हणतात, काट्यांऐवजी भक्कम तारेची जाळी बसवणे, हे गिधाडे वाचवण्याचे काम ठरते. अभयारण्याला लागून असलेल्या जमिनी मासाई मालक भाड्याने देऊन चालवत असलेली राखीव क्षेत्रेही याच हेतूला पूरक आहेत. तेथे गाड्यांची संख्या मर्यादित ठेवली जाते आणि गुरे व रानप्राणी यांच्या चराईचे नियोजन होते.

हे सारे दाखवणारा मार्गदर्शक गाडी चालवता चालवता कानाने अधिक पाहत असतो. केनियात या व्यवसायासाठी कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा श्रेणींच्या परीक्षा असतात आणि पक्ष्यांची ओळख हा त्यांच्या अभ्यासाचा भाग आहे. संध्याकाळी मुक्कामी दिवसभराची यादी वाचली जाते, शंकेच्या नोंदी छायाचित्रांशी ताडून पाहिल्या जातात, आणि 2013 पासून सुरू असलेल्या केनिया बर्ड मॅप या प्रकल्पात त्या भरता येतात. या प्रकल्पात संपूर्ण देश सुमारे नऊ किलोमीटर बाजूच्या चौकोनांत विभागला आहे. बहुतेक गाड्या एकाच वाटेने जात असल्याने उत्तरेच्या रखरखीत भागातील अनेक चौकोनांत नोंदी तुरळक आहेत, आणि म्हणून संबुरूत एक मुक्काम वाढवून नेहमीच्या रस्त्यापासून दूर जाणाऱ्या सहलीची यादी तेथे विशेष मोलाची ठरते.