दार कोणी उघडायचं?

(दृश्य: सोलापूर, पूर्व भाग. सकाळ. एका खोलीचं घर.)

मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची पानं. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्री फिरते. चिमूटभर तंबाखू, पान वळलं, दोऱ्याचे वेढे दिले, तोंड दुमडलं. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. मांडी सुपानं अडवलेली, म्हणून तान्हं बाळ झोळीत आणि झोळीची दोरी आईच्या पायाच्या अंगठ्याला. हात विड्या वळतात, पाय बाळाला झोका देतो.

अशा घरात मदतीला कोण येणार? आणि आलंच, तर आत कोणाला घेणार?

ख्रिस्ती मिशनांना हा प्रश्न फार लवकर भेटला. तमिळ मुलखात आयडा स्कडर ही मिशनरी डॉक्टरची तरुण मुलगी. एका रात्री अडलेल्या तीन बाळंतिणींचे नवरे एकापाठोपाठ एक दारात आले. पुरुष डॉक्टर कोणालाच नको होता आणि आयडाला डॉक्टरकी येत नव्हती. तिघीही गेल्या. आयडा अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली, १९००मध्ये वेल्लोरला एका खाटेचा दवाखाना सुरू केला. १९०९ला नर्सिंगचं शिक्षण, १९१८ला मुलींसाठी वैद्यकीय शाळा. दवाखान्यापेक्षा ही शाळा मोठी गोष्ट, असं आम्हाला वाटतं. कारण पुढच्या बाळंतिणीच्या दारात तिची भाषा बोलणारी बाई उभी राहणार होती.

(दृश्य: रेल्वे. दौंड स्थानक मागे पडतं.)

सोलापूरहून पुण्याकडे निघालं, की दौंडनंतर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं. आई, वडील, बहीण दुष्काळानं नेलेली. नवरा गेला तेव्हा पदरात लहानगी मनोरमा. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली, विधवा केडगावला आणल्या. नुसतं जेवू घालून भागवलं नाही. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हाती. रमाबाईंनी मराठीत केलेल्या बायबलच्या छपाईचे खिळे जुळवले ते याच बायकांनी.

रमाबाईंवर टीकाही झाली, आणि ती सगळीच द्वेषातून होती असं म्हणता येणार नाही. विधवा मुलींसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदन या शाळेत मुलींना ख्रिस्ती वळण लागतंय म्हणून १८९३मध्ये 'केसरी'नं झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. उपाशी माणसाला घास देताना धर्म मध्ये आणावा का, हा प्रश्न रास्तच. पण त्या मुलींना घास द्यायला दुसरं कोण पुढे आलं होतं, हेही विचारायला हवं.

(दृश्य: सोलापूर, सेटलमेंटचा परिसर.)

आता आपल्याच गावात येऊ. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशननं लहान मुलांच्या शाळा काढल्या, बालवाडीच्या शिक्षिका तयार केल्या. हे काम चोख. पण त्याच मिशनकडे आणखी एक जबाबदारी आली.

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रज सरकारनं उत्तरेतल्या काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला; १९११च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातल्या कैकाडी, पारधी अशा जमातींवरही तो बसला. पुढे त्यांना तारेच्या कुंपणात बसवलं. तीच सेटलमेंट. कुंपण सरकारचं, कारभार मिशनचा. आत मुलांना शाळा होती, मोठ्यांना गिरणीत काम होतं. आई गिरणीत, पोर शाळेत. कागदावर पाहिलं तर कुटुंबाला आधारच. पण हजेरी रोजची होती, आणि बाहेरगावी जायचं तर पास लागायचा. लेकीला माहेरी जायची ओढ लागली, तरी आधी पास.

केडगावात दार आत येण्यासाठी उघडं होतं. इथं बाहेर जायला परवानगी लागे, आणि परवानगी देणारा तोच, जो पोराला अक्षरं शिकवत होता. सेटलमेंटमधल्या आईनं त्याला काय म्हणावं?

कायदा रद्द झाला १९५२मध्ये. मिशनच्या अहवालांत शाळेतल्या पटाचे आकडे सापडतात. पास नाकारलेल्या बायांचं म्हणणं मात्र सेटलमेंटच्या गल्ल्यांतच, थोरल्या बायकांकडे विचारावं लागतं.