वाटी बदलायची घाई आणि सात आठवडे

नमस्कार श्रोतेहो. मार्च 2020 च्या टाळेबंदीतही अपघातात मोडलेली हाडं आम्ही बसवत होतो. थांबल्या त्या ठरवून करायच्या शस्त्रक्रिया, म्हणजे गुडघ्याची वाटी बदलणं किंवा खुब्याचा सांधा बसवणं. नंतर त्या पुन्हा सुरू झाल्या आणि ओपीडीत एकच प्रश्न ऐकू येऊ लागला, "डॉक्टर, माझा नंबर कधी?"

त्याआधी माझा प्रश्न असतो, कोविड कधी झाला होता? "छे, साधा ताप होता, घरीच पेज खाऊन बरा झालो," असं उत्तर मिळतं. हा साधा ताप लपवू नका. 116 देशांतल्या 1 लाख 40 हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. कोविडनंतर सात आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला. धाप किंवा थकवा उरला असेल, तर सात आठवड्यांनंतरही थांबलेलं बरं. या आजारात रक्तात गुठळ्या होतात आणि सांधा बदलल्यावरही पोटरीत गुठळी होऊ शकते. दोन्ही धोके एकाच वेळी कशाला ओढवून घ्यायचे?

एका तक्रारीला मात्र थांबायला सांगणार नाही. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलं असेल आणि आता जांघेत दुखत असेल, तर लगेच या. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. एमआरआयमध्ये ते लवकर कळलं, तर सांधा वाचवायला वाव असतो.

भातलावणीच्या दिवसांत आणखी एक अडचण येते. पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या असतात आणि त्याच पायाचा गुडघा बदलून हवा असतो. त्या आधी बऱ्या करा. धातूच्या सांध्यावर जंतू एकदा बसले, की औषधांनी सहजासहजी हटत नाहीत. किडका दात, लघवीची जळजळ, वाढलेली साखर, हे सगळंही आधी ताब्यात हवं.

बहुतेकांना पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करता येतो, म्हणजे घशात नळी घालावी लागत नाही. सोबतीला एकच माणूस आणा.

अन् गणपतीच्या तोंडावर तारीख मागू नका. घर चाकरमान्यांनी भरलेलं, जो तो पाय बघायला खोलीत डोकावणार! विसर्जनानंतरची तारीख घ्या. तोवर मांडीचे व्यायाम रोज करा आणि घरात कमोडची खुर्ची आणून ठेवा.